खंडेनवमीची डिस्क

१६ सप्टेंबर २०२५

राजू तीन-चार वर्षांचा असेल तेव्हाच्या संध्याकाळी आज आठवल्या. उद्यमनगरातलं वर्कशॉप बंद करून हे घरी यायचे आणि मागच्या पायरीवर बसायचे. घरात पाऊल टाकायच्या आधी मी राजूच्या खेळण्यातला घोड्याच्या नालासारखा लोहचुंबक घ्यायची आणि ह्यांच्या केसांवरून, बाह्यांवरून फिरवायची. लेथवर उडालेला लोखंडाचा चुरा चुंबकाला येऊन चिकटायचा आणि चुंबकाला दाढी फुटायची. एकदा एक कण राजूच्या डोळ्यात गेला होता, तेव्हापासूनचा हा नेम. हे मान खाली घालून बसायचे आणि सांगायचे, "मॅडम, डाव्या कानामागं राह्यलं बघा." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून लग्नात मला मॅडम म्हणायला लागले. थट्टा होती, ती शेवटपर्यंत राहिली.

आज ह्यांचा म्हाळ होता. आक्का, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पहाटेपासून स्वयंपाकात. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. गच्चीवर पान ठेवलं, कावळा आला. आक्का म्हणाली, "आला बघ. वड्याला आधी हात घातला. त्योच हाय."

दुपारी कॉम्प्युटर लावून ह्यांचा आवाज ऐकला. घशाच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज राहणार नाही. तेव्हा हे या खोलीत दार लावून बसले आणि प्रत्येकासाठी वेगवेगळं बोलून ठेवलं. राजूसाठी, आक्कासाठी, माझ्यासाठी आणि नात शर्वरीसाठी. त्यानंतर दीड वर्ष पाटीवर लिहून संसार केला. मला बजावून ठेवलं होतं, "ज्याचं त्याला हातात द्यायचं." राजू पुण्याहून येतो तेव्हा मी विचारते. तो म्हणतो, "आत्ता नको आई. मला ऐकवणार नाही." शर्वरीचं ती अठरा वर्षांची झाली की द्यायचं, ते मी उघडलेलंसुद्धा नाही. आक्काला मेलेल्या माणसाचा आवाज सोसत नाही. मी लावला की ती स्वयंपाकघरात जाते. उरले मी. राजूच्या वाट्यातली मोटरची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. तिच्यात हे हसतात आणि हसता हसता खोकतात.

दिवाळी झाली की माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. त्याआधी सगळ्यांना त्यांचं त्यांचं देऊन टाकते. फक्त तो खोकला काढता आला तर बरं. राजूला बापाचा खोकला कशाला ऐकवायचा.

१९ सप्टेंबर

आवाज स्वच्छ करणारा प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळतो म्हणे. शोधला. पानावर हिरवी बटणं बरीच होती, मी सगळ्यांत मोठं दाबलं. मशीन परवानगी विचारत गेलं आणि मी देत गेले. एक काळी चौकट उघडली आणि लगेच मिटली. प्रोग्राम काही सुरू झाला नाही. फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार कुणाकडे करायची. उद्या परत बघेन.

२३ सप्टेंबर

काल घट बसले. आक्काचे नऊ दिवसांचे उपास सुरू झाले, माझे डॉक्टरांनी बंद केलेत.

कॉम्प्युटर बिघडत चाललाय. काही काम नसतानाही आतला पंखा घोंघावतो. इंटरनेट उघडलं की नेहमीचं पान येत नाही, भलतंच कुठलं तरी येतं आणि त्यावर जाहिराती नाचतात. खाली कोपऱ्यात ढालीचं एक छोटं चित्र असायचं, तेही दिसत नाही. वय झालं असेल. ह्यांनी ड्रॉइंग काढायला घेतला होता, त्याला किती वर्षं झाली.

आक्का दारात उभी राहून म्हणाली, "तुझ्यासारखंच झालंय की ते, कुमुद. बसल्या जागी धाप लागतीया."

२६ सप्टेंबर

सकाळी पडदा एकदम लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. तुमच्या कॉम्प्युटरला लागण झाली आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. माझी छाती धडधडायला लागली. गोळी घेतली आणि फोन केला.

पलीकडच्या मुलाने नाव केविन सांगितलं. इतकं शांत, इतकं स्वच्छ इंग्रजी मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "मॅम, तुम्ही फोन केलात हे फार चांगलं केलंत." मला शाळेतल्या सिस्टर आठवल्या. सभ्यपणे बोलणाऱ्याशी सभ्यपणे बोलावं, असं त्या शिकवायच्या. त्याने सांगितलेला एक प्रोग्राम मी घातला आणि मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बघत होते. परक्या माणसाने स्वयंपाकघरातले डबे उघडून बघावेत, तसं वाटलं. पण तो प्रत्येक वेळी "मे आय" म्हणत होता.

त्याने विचारलं, "यात तुम्हाला सगळ्यांत मोलाचं काय आहे, मॅम? ते आधी सुरक्षित करू." मी ह्यांच्या आवाजाचं फोल्डर दाखवलं. ह्यांच्याबद्दलही सांगितलं. तो म्हणाला, "आय अ‍ॅम सो सॉरी, मॅम." दुसरी प्रत आहे का, असं विचारलं. म्हटलं, एका वेगळ्या डिस्कवर आहे, कपाटात. तिलाही लागण झाली असणार, तीही जोडून ठेवा म्हणाला. मी म्हटलं, खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढायचीच आहे, तेव्हा जोडते. त्याला खंडेनवमी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काही घाई नाही, मॅम. तोवर मशीन चालू राहू द्या."

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. इतका वेळ माझ्याशी कोण बोलतं हल्ली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वर्कशॉप विकलं तेव्हा ह्यांची चार हत्यारं मी ठेवून घेतली: व्हर्नियर, मायक्रोमीटर, एक हातोडा, एक पाना. आज ती घासूनपुसून पाटावर मांडली. पाट कॉम्प्युटरसमोर ठेवला आणि डिस्क जोडून हत्यारांच्या शेजारी. हळदकुंकू, झेंडूची फुलं, सगळ्यांना लाल दोरा. वर्कशॉपमध्ये आजच्या दिवशी यंत्रं धुऊन पुजली की उद्या पूजा उतरेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे. आक्काने दोनदा बजावलं, "आता हालवायचं न्हाय काय. उद्या सकाळी फुलं उतरली की मग."

जेवायच्या वेळेला अनुजाचा फोन आला. अनुजा माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. उद्या सोनं द्यायला येते म्हणाली. मी तिला केविनबद्दल सांगितलं. जरा कौतुकानेच सांगितलं.

तिने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "काकू, आत्ता उठा. डिस्कची वायर काढा. आधी डिस्क. मग इंटरनेटचा डबा बंद करा, मग कॉम्प्युटरचा प्लग."

"अगं, पूजा मांडलीय. उद्या सकाळी उतरवली की लगेच काढते."

"काकू, तो कुठल्या कंपनीचा वगैरे नाही. चोर आहे तो."

"चोर इतकं चांगलं बोलेल का?"

"म्हणूनच बोलतो. काकू, मला लेक्चर आहे, नाहीतर आत्ता आले असते. माझं एवढं ऐका. वायर काढा."

आक्का समोर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "पोरीला काय कळतंय. वर्षाचा दिवस हाय."

मी मधला मार्ग काढला. इंटरनेटचा डबा पूजेत नव्हता, तो बंद केला. पूजेतलं काही हलवलं नाही. बाहेरून आता कोणी येऊ शकणार नाही, मग उरलं काय.

संध्याकाळी समई लावली. कॉम्प्युटरचा पंखा घुमत होता. डिस्कवरचा निळा दिवा समईच्या ज्योतीसारखाच लुकलुकत होता, थांबतच नव्हता. बघून छान वाटलं. ह्यांचं काहीतरी जिवंत आहे, असं वाटलं.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी फुलं उतरवली आणि पडदा चालू केला. फोल्डर होतं, पण प्रत्येक फाइलच्या नावाला मागे अर्थ नसलेल्या अक्षरांची शेपटी लागलेली. एकही उघडेना. डिस्कवरही तेच. प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी: तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर संपर्क करा. इंग्रजीत एकही चूक नव्हती.

दिवसभर माणसं सोनं द्यायला येत होती. मी प्रत्येकाच्या हातात आपट्याची पानं दिली, प्रत्येकाचं घेतलं. सोन्यासारखं राहा म्हणाले सगळे.

३ ऑक्टोबर

काल अनुजा तिन्हीसांजेला आली. चप्पल काढली ती थेट खोलीत. पूजेचा पाट तिथेच होता. डिस्कवर कुंकवाचं बोट उमटलेलं, लाल दोराही तसाच. तिने दोरा सोडला नाही, फक्त वायर काढली.

ती काय करतेय ते मला सांगत होती. त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला. कॉम्प्युटर फाइलींच्या जुन्या प्रती आपल्याजवळ ठेवतो, त्या शोधल्या. चोरांनी आधी त्याच पुसल्या होत्या. अशा काही कुलपांच्या किल्ल्या लोकांनी शोधून फुकट ठेवल्या आहेत. त्या यादीत तिने आपलं कुलूप शोधलं. नव्हतं.

"ढालीचं चित्र गेलं तेव्हाच फोन करायचा होतात, काकू. त्यांनी तुमचा अँटिव्हायरस बंद केला होता. ते हिरवं बटण दाबलंत, तिथनंच आत आले. आणि तो लाल पडदा म्हणजे नुसतं चित्र असतं. बंद केलं असतं तर गेलं असतं."

"पण काल मी इंटरनेट बंद केलं होतं."

"तोवर आत बसलेलाच होता ना. कुलूप घालायला त्याला इंटरनेट लागत नाही." तिने पाटाकडे बघितलं. "डिस्क जोडायचीच वाट बघत होता."

मग तिने विचारलं, "त्याचं इंग्लिश चांगलं होतं म्हणून विश्वास ठेवलात?"

"हो."

ती कामाला लागली. तिच्या फोनवरून माझे सगळे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं, १९३० या सायबर पोलिसांच्या नंबरवर तक्रार नोंदवली. पैसे द्यायचे नाहीत, दिले तरी किल्ली मिळेलच असं नाही, हे दोनदा सांगितलं. कॉम्प्युटर ती घेऊन जाणार आहे, सगळा पुसून परत भरणार. डिस्क मात्र पुसायची नाही. कधीकधी चोर पकडले जातात तेव्हा किल्ल्या सापडतात, कधी वर्षांनी. "आज नाही म्हणजे कधीच नाही असं नाही," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती.

आक्का दाराशी येऊन उभी राहिली. विचारलं, "भावाचा आवाज गेला काय गं?"

अनुजाने मानेनेच हो म्हटलं. आक्का परत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, घासलेलीच भांडी परत घासत होती.

६ ऑक्टोबर

केविनचा फोन आला. अनुजाने उचलू नका सांगितलं होतं, तरी मी उचलला. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित मला वाटलं की आपण कशाला कुलूप घातलं ते त्याला कळलंच नसेल.

मी म्हटलं, त्यात फक्त माझ्या नवऱ्याचा आवाज आहे. दुसऱ्या कुणाच्या काही उपयोगाचं नाही. त्यांचं बोलणं बंद होण्याआधीचा.

तो त्याच स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "मला समजतं, मॅम. आम्ही तुमच्यासाठी रक्कम अर्धी करू शकतो."

मी थँक यू म्हणून फोन ठेवला. सवय. नंतर बराच वेळ हात धूत होते.

११ ऑक्टोबर

राजू आला. अनुजाने त्याला सगळं आधीच सांगितलं असावं, कारण त्याने मला काहीही विचारलं नाही. रागावला असता तर सोपं झालं असतं. जेवला, पायरीवर जाऊन बसला. मी शेजारी बसले.

"माझ्यासाठी काय होतं गं त्यात?"

"तू ऐकलं का नाहीस रे?"

"वाटायचं, अजून बाबांचं एक बोलणं शिल्लक आहे. ऐकलं की संपेल."

मग मी त्याला मोटरची गोष्ट सांगायला घेतली. ह्यांच्याच शब्दांत, जेवढी जमेल तेवढी. एका खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा झाली होती, सगळी यंत्रं फुलांनी भरलेली. केरबा मिस्त्री नारळ फोडत होता आणि मोठ्या लेथच्या मोटरमधून धूर यायला लागला. कुणीतरी दिव्यासाठी वायर ओढली होती, तिच्यातनं काहीतरी झालं असावं. कुणी पुढे होईना, पूजा हलवायची कशी. हे धावले, फुलं, हार, विडा सगळं हाताने बाजूला ढकललं आणि मेन स्विच खाली ओढला. केरबा म्हणाला, मालक, पाप लागंल. तर हे म्हणाले, "पूजा उद्या परत मांडता येतीया की. मोटर जळली तर मांडू कशाची?" आणि मग हसतात. आणि खोकतात.

एवढं सांगून मी थांबले. पुढचं मला सांगता येईना.

इतक्या वेळा ऐकलं होतं मी ते. खोकला कुठे येतो ते मला पाठ होतं. हे कुठे श्वास घेतात, कुठे खुर्ची कुरकुरते, सगळं. मी आवाज ऐकत राहिले. काय म्हणतात ते नाही ऐकलं.

राजूने माझा हात धरला. तो म्हणाला, "आई, तू त्यांच्यासारखंच बोललीस." मी म्हटलं, नाही रे. नाही बोलले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आक्का दरवर्षी पाटाला ओवाळते, हे गेल्यापासून. आज ताट तयार करून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "माझ्या वाटणीचं काय बोललाय त्यो, सांग."

"तुम्हाला सोसत नाही ना, आक्का."

"सांग म्हटलं तर सांग की."

मी सांगितलं. लहानपणी शाळेला दांडी मारून हे तालमीत जायचे आणि आक्का त्यांचं दप्तर पदराखाली लपवून घरी आणायची. त्याबद्दल आभार होते. आणि शेवटी म्हणाले होते, "आक्के, आता माझं दप्तर तू सांभाळ."

आक्काने मान हलवली. "तसं न्हाय म्हणाला त्यो. 'आक्के, दप्तर आता ठेव खाली, दमलीस' असं म्हणाला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"स्वयंपाकघराच्या दाराआडनं ऐकू येतंय की सगळं," आक्का म्हणाली. "तू लावायचीस, मी दाराआड हुबी ऱ्हायची. मला बहिरी समजलीस काय?"

मग तिने निरांजन उचललं आणि मोकळ्या पाटाला ओवाळलं. कितीतरी वेळ खाली ठेवेना.

२६ ऑक्टोबर

उद्या दवाखान्यात दाखल व्हायचं आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. तेही फार छान बोलतात. म्हणून लिहून ठेवते.

ही वही राजूने वाचावी. त्याच्या वाट्याची गोष्ट ११ तारखेच्या पानावर आहे. आता शर्वरीला ती त्याने आपल्या तोंडाने सांगावी, माझ्या नाही. खोकलासुद्धा सांगावा.

आक्काचं आक्काजवळ आहे. तिने सुधारलं तेच खरं धरावं. तिला या घरातून हलवू नये.

हत्यारं अनुजाला. तिला लेथ कळत नाही, पण खंडेनवमीला ती मांडेल आणि गरज पडली तर न विचारता उचलेल.

माझ्यासाठी ह्यांनी जे बोलून ठेवलं होतं ते मी कुणाला देत नाही. इंग्रजी पेपरातली एक बातमी वाचली होती, उच्चार चुकवत, मला हसवायला. एवढंच. ते माझ्याबरोबर राहू दे.

शर्वरीसाठी ह्यांनी काय ठेवलं होतं ते मी ऐकलेलं नाही, आक्काने नाही, कुणीच नाही. ते सांगायला कुणी उरलेलं नाही. म्हणून डिस्क शर्वरीची. ती अठरा वर्षांची होईपर्यंत अनुजाने सांभाळावी, कुठल्याही कॉम्प्युटरला जोडू नये आणि दर दसऱ्याला किल्ल्यांची ती यादी एकदा बघावी. डिस्कवरचा लाल दोरा सोडला तरी चालेल.

चुंबक राजूला. मागच्या पायरीजवळच्या कोनाड्यात आहे, अजून त्याला थोडा चुरा चिकटलेला आहे, तो पुसू नये. फक्त डिस्क असेल त्या कपाटात चुंबक ठेवू नका.